सायक्लेमेनची पिवळी पानं: साताऱ्यातल्या दोन कुंड्यांचं प्रकरण

गेल्या वर्षीच्या संक्रांतीला आमच्या शेजारच्या मावशींच्या दिवाणखान्यात दोन सायक्लेमेन होती, एक गडद गुलाबी आणि एक पांढरं. लेक पुण्याहून येताना सुरूर फाट्याला वळली आणि वाईवरून पसरणीचा घाट चढून पाचगणीतल्या एका रोपवाटिकेतून ती घेऊन आली. हळदीकुंकवाला आलेल्या बायका वाणाआधी त्या फुलांकडेच बघत होत्या. वाऱ्यात छत्री उलटी व्हावी तशा पाकळ्या मागे दुमडलेल्या आणि खाली बदामाच्या आकाराची, चंदेरी नक्षीची पानं. सजावटीसाठी दोन्ही कुंड्या मावशींनी सासूबाईंच्या जुन्या पितळी घंगाळात ठेवल्या होत्या.

बारा-तेरा दिवसांनी मावशींचा निरोप आला. "बाई, जरा बघायला येता का? पानं पिवळी पडाय लागलीत. मी तर रोज पाणी घालतीया."

मी पंचवीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. गल्लीतली आजारी झाडं माझ्याकडे येतात, मला ते आवडतं, आणि त्यांच्या नोंदी मी वहीत ठेवते. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण असं, की या एका घरात एका वर्षात पानं तीन वेळा पिवळी पडली आणि तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं. पहिल्या पिवळेपणात झाड वाचवता येण्यासारखं नव्हतं. दुसऱ्यात वाचवता आलं. तिसऱ्यात वाचवायचं काही नव्हतंच, आणि नेमक्या त्याच वेळी आम्ही ते मारून टाकण्याची सगळ्यात जास्त शक्यता होती.

आधी काय काय झालं होतं

आजारी झाडाकडे बघण्याआधी मी माणसांना विचारते. मावशींनी न लपवता सगळं सांगितलं. विकणाऱ्यानं "रोज थोडं पाणी घाला" म्हणून सांगितलं होतं, तसं त्या झारीनं रोज वरून घालत होत्या. पहिलं पान पिवळं दिसलं तेव्हा पाणी कमी पडतंय असं वाटून सकाळ-संध्याकाळ घालू लागल्या. त्यानंही फरक पडेना, तेव्हा भाऊजींनी, म्हणजे त्यांच्या दिरांनी, शेतावरच्या पोत्यातला चिमूटभर युरिया प्रत्येक कुंडीत टाकला. शेवटी ऊन कमी पडत असेल म्हणून घंगाळ उचलून पश्चिमेच्या खिडकीत नेलं.

बारा दिवसांत चार उपाय. प्रत्येकामागे काळजीच होती, हे मला इथे मुद्दाम लिहायचं आहे, कारण अशा वेळी झाडाच्या मालकाला बोल लावणं फार सोपं असतं. पिवळं पान दिसलं की हात आपोआप झारीकडे जातो. मावशी वाई तालुक्यातल्या हळद पिकवणाऱ्या घरातल्या, त्यांच्या हाताखाली एकरभर हळद वाढलेली. पण सायक्लेमेन त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं.

वरून दिसलं ते

पांढऱ्याची चौदा पानं होती, त्यांतली सहा पिवळी. गुलाबीची एकोणीस, त्यांतली पाच पिवळी. नुसत्या आकड्यांवरून दोघांचा आजार एकच वाटला असता. पण पांढऱ्याची पिवळी पानं सगळी एकाच अंगाला होती आणि पिवळेपण पानाच्या बुंध्याकडून, देठ जिथं जुळतो तिथून, डागासारखं पसरत होतं. त्या अंगाची हिरवी पानंसुद्धा मलूल होऊन लोंबत होती. माती ओली आणि पान मलूल, ही जोडी दिसली की मला धडकी भरते. पाणी असूनही ते वर चढत नाही, म्हणजे मूळ तरी गेलंय किंवा झाडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्या तरी तुंबल्यात.

गुलाबीत पिवळेपण सगळीकडे सारखं पसरलेलं होतं, ते बाहेरच्या, जुन्या पानांत. दोन पानांच्या कडा करपल्या होत्या. ते बहुधा युरियाचं काम असावं. खिडकीच्या बाजूच्या पानांवर कागदासारखे पांढुरके चट्टे होते, ते उन्हाचे. मधली कोवळी पानं मात्र हिरवी आणि ताठ होती.

इथं थांबून ज्या गोष्टी नव्हत्या त्या आधी खोडून घेतल्या. आपल्याकडे बोअरचं पाणी जड, जमिनीत चुनखडी, त्यामुळे उसावर केवडा पडतो तसं लोह कमी पडून झाडं पिवळी होतात. पण केवड्यात कोवळं पान आधी पिवळं पडतं आणि त्याच्या शिरा हिरव्या राहतात. इथं कोवळी पानं धड होती. नत्र कमी पडलं तर जुनी पानं फिकटतात हे खरं, पण रोपवाटिकेतून नुकतं आलेलं, फुलांनी लदलेलं झाड दोन आठवड्यांत उपाशी पडत नाही. लाल कोळी असेल तर पानावर सुईनं टोचल्यासारखे बारीक ठिपके दिसतात आणि पाठीमागे जाळी. पांढरा कागद खाली धरून पानं झटकली, कागदावर काही चाललं नाही. सायक्लेमेनचा म्हणून जो खास कोळी आहे तो पाव मिलिमीटरएवढाच, डोळ्यांना दिसत नाही, पण तो कोवळी पानं आणि कळ्या वेड्यावाकड्या करतो. इथं कळ्या सरळ होत्या.

मग कुंड्या उचलल्या. घंगाळात तळाशी दोन बोटं पाणी होतं, शेवाळलेलं, आंबूस वासाचं. दोन्ही कुंड्यांभोवती रोपवाटिकेचा चकचकीत कागद तसाच होता आणि त्याच्या आतही पाणी साचलेलं. मावशींनी तोंडाला पदर लावला. त्या घंगाळाला भोक नव्हतं, आणि दोन आठवडे दोन्ही झाडं एकाच पाण्यात पाय सोडून उभी होती. हा शेवटचा भाग मला पाण्याइतकाच महत्त्वाचा वाटला. एकाला काही लागण असेल तर ती दुसऱ्यापर्यंत पोचायला याहून सोयीची वाट नाही.

कुंडीच्या आत

अंगणात वर्तमानपत्र पसरून आधी गुलाबी कुंडीतून काढलं. मातीऐवजी भरलेलं सगळं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, चिखलासारखं झालेलं. मुळं निम्म्याहून जास्त तपकिरी. एक मूळ चिमटीत धरून हलकं ओढलं, तर वरची साल मोज्यासारखी निसटून हातात आली आणि आत दोऱ्यासारखा पांढरा गाभा राहिला. ही मूळकूज, ओल फार दिवस कोंडली की होणारी. उरलेली मुळं पांढरी, काही टोकांना नवी वाढसुद्धा होती. गड्डा अंगठ्यानं चहूकडून दाबला. कच्च्या बटाट्यासारखा घट्ट.

सायक्लेमेनच्या गड्ड्याबद्दल मावशींना एक गोष्ट नीट सांगावी लागली. हळदीत एक जेठा गड्डा कुजला तरी दुसरं हळकुंड धरतं, पुढचं पीक उभं राहतं. सायक्लेमेनला तसं नाही. बी रुजतं तेव्हा देठाचा जो तळाचा भाग असतो तोच फुगून हा एकुलता एक गड्डा होतो, आणि जन्मभर तोच वाढत राहतो. त्याला पिल्लं फुटत नाहीत. तो गेला की झाड गेलं.

पांढऱ्याची मुळं दिसायला गुलाबीपेक्षा बरी होती. गड्डाही बाहेरून बराचसा घट्ट, फक्त मलूल पानांच्या बाजूला किंचित दबत होता. बोटांनी दाबून बघणारा कुणीही म्हणाला असता, हे वाचेल. पण पानांनी जे एका अंगाला धरून दाखवलं होतं ते माझ्या मनातून जाईना. मी त्या अंगाचं एक मलूल पान देठाच्या तळापासून उपटलं. देठाच्या टोकाला पांढरट-हिरवं दिसायला हवं होतं, तिथं लालसर-तपकिरी ठिपके होते. गुलाबीचं पिवळं पान तसंच उपटून शेजारी धरलं. ते स्वच्छ.

मावशींना म्हटलं, "मला हा गड्डा कापून बघावा लागेल. कापला की तो राहणार नाही."

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "कापा. दुसरं तरी जगंल."

स्पिरिटनं पुसलेल्या चाकूनं गड्डा आडवा कापला. आतला पांढरा गर ठीक दिसत होता, पण त्यात रसवाहिन्यांच्या जागी तांबूस-तपकिरी, कुठं काळपट ठिपक्यांचं कडं उमटलं होतं, एका बाजूला दाट. फ्युजॅरियम बुरशीचा मर रोग असाच दिसतो. ही बुरशी मुळांतून शिरून पाण्याच्या नळ्यांमध्ये वाढते, त्या तुंबतात, म्हणून माती ओली असून पान तहानेनं मरतं. उबेत ती जोर धरते. पंचवीस-सत्तावीस अंशांच्या पुढं तर फारच, आणि पश्चिमेच्या खिडकीनं तिला तेवढी ऊब दिली होती. वरून औषध ओतून ती नळ्यांमधून निघत नाही. एवढ्या कमी दिवसांत इतकं कडं उमटलं, त्यावरून लागण आमच्याकडे यायच्या आधीची असावी असं माझं मत आहे, पण त्यात कुणाला दोष देण्यात अर्थ नाही. बाहेरून निरोगी दिसणारं रोपही ही बुरशी घेऊन येऊ शकतं.

गड्डा, पानं, कोकोपीट, कागद सगळं पिशवीत बांधून कचरागाडीत दिलं. मावशी ते परसातल्या खतखड्ड्यात टाकायला निघाल्या होत्या, त्यांना अडवलं. ही बुरशी मातीत वर्षानुवर्षं तग धरते. घंगाळ चिंच लावून घासलं, उकळतं पाणी ओतून उन्हात पालथं घातलं.

गुलाबीचे उपचार

आता गुलाबीलाही मर लागली असण्याची भीती होती. त्याचा गड्डा कापून खात्री करता येत नव्हती. म्हणून त्याला मूळकुजीचा रुग्ण समजून उपचार करायचे, पण दोन महिने सगळ्या झाडांपासून लांब ठेवायचं असं ठरवलं. त्याची झारी वेगळी, कात्री वेगळी.

कुजलेली मुळं कात्रीनं कापली, प्रत्येक दोन-तीन कापांनंतर कात्री स्पिरिटनं पुसून. उरली साधारण तिसरा हिस्सा मुळं. एवढ्या मुळांवर एकोणीस पानं आणि डझनभर फुलं तगणार नाहीत. पिवळी पानं काढली. ती कात्रीनं कापत नाहीत, देठ तळाशी धरून हलका पीळ देऊन झटक्यानं ओढायचा, म्हणजे सांध्यातून स्वच्छ सुटतो. कापलेला खुंट मागे राहिला की तो सडतो आणि सड गड्ड्यात उतरते. मग फुलं आणि मोठ्या कळ्याही तशाच काढल्या. मावशींना याचं सगळ्यात वाईट वाटलं. झाड ज्या फुलांसाठी आणलं तीच मी उपटत होते. त्यांनी ती गोळा करून वाटीभर पाण्यात देव्हाऱ्यापुढं ठेवली. चार-पाच दिवस छान टिकली.

कृषी सेवा केंद्रातून भाऊजी दोन पुड्या घेऊन आले, कॉपर ऑक्सिक्लोराइड आणि ट्रायकोडर्मा. दोन्ही एकदम घालायला सांगितलं होतं म्हणे. ट्रायकोडर्मा ही स्वतःच जिवंत बुरशी आहे. तांब्याच्या औषधाबरोबर ती घातली तर औषध आधी तिलाच मारणार. पाणी साचून झालेली कूज होती, म्हणून मी तांब्याचं निवडलं. 1 लिटर पाण्याला 2.5 ग्रॅम असं कालवून, हातमोजे घालून, लावणीनंतर एकदाच आळवणी केली, म्हणजे ते पाणी मुळांशी ओतलं. या औषधाचा या प्रकरणात वाटा किती, असं कुणी विचारलं तर मी लहानच सांगेन. खरा उपचार होता साचलेलं पाणी काढणं आणि सडकं कापणं. औषधानं फार तर कापलेल्या जागा राखल्या.

नवी कुंडी मातीची, सहा इंची, तळाला मोठं भोक. मातीची कुंडी अंगातून ओल सोडते, अशा रुग्णाला तीच हवी. भरण म्हणून दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग जुना पालापाचोळा कुजून झालेलं खत, एक भाग जाड वाळू. शेणखत नाही, युरिया तर नाहीच. जुन्या कोकोपीटातला युरिया धुऊन काढायचा म्हणजे पुन्हा भरपूर पाणी ओतणं आलं, आणि ते या झाडाला परवडणारं नव्हतं. म्हणून सगळं भरणच बदललं. गड्ड्याचा वरचा तिसरा हिस्सा उघडा राहील असा लावला. हळद लावणारा हात गड्डा पुरून टाकायला जातो, मावशींनी दोनदा माती वर ओढली आणि मी दोनदा बाजूला केली. त्या माथ्याच्या खोबणीतून पानं-कळ्या निघतात, तिथं पाणी किंवा माती साचली की सड लागते. म्हणूनच वरून झारी मारायची नाही. ताटलीत पाणी घेऊन कुंडी वीस-पंचवीस मिनिटं त्यात ठेवायची, उरलेलं पाणी ओतून द्यायचं.

पाणी केव्हा द्यायचं, यावर मी बोलत बसले नाही. मावशींच्या ओट्यावर वजनकाटा होता. पाणी पिऊन निथळलेली कुंडी 1,650 ग्रॅम भरली. "साडेतेराशेवर आली की पाणी, तोवर नाही" एवढंच ठरवलं. रोज सकाळी चहाबरोबर त्या वजन करून कॅलेंडरवर लिहीत. पहिलं पाणी पुन्हा द्यायला आठ दिवस लागले. आधी त्या आठ दिवसांत सोळा वेळा पाणी घालत होत्या.

जागाही बदलली. साताऱ्यात जानेवारीत पहाटे बारा-तेरा अंश असतात, पण दुपारी तीसच्या जवळ जातं. सायक्लेमेनला दहा ते अठरा अंशांत बरं वाटतं. पाचगणी आपल्यापेक्षा साडेपाचशे मीटरनं उंच आहे, तिथली दुपार त्याला सोसते, शाहूपुरीतल्या पश्चिमेच्या खिडकीतली सोसत नाही. म्हणून दिवसा पूर्वेच्या खोलीत, कोवळं ऊन गेल्यावर नुसता उजेड, आणि रात्री बाहेर गॅलरीत. सकाळी आत घ्यायचं कामही कॅलेंडरवर लिहिलं.

पहिले दहा दिवस काहीच सुधारलं नाही. उलट आणखी तीन पानं पिवळी झाली. मी आधीच सांगून ठेवलं होतं की पिवळं झालेलं पान पुन्हा हिरवं होत नाही, आणि गेलेल्या मुळांच्या हिशेबाची पानं अजून गळतील. तब्येत मोजायची ती मधून येणाऱ्या नव्या पानांवर. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गड्ड्याच्या माथ्यावर भाताच्या शितांएवढे दोन तांबूस कोंब दिसले. महाशिवरात्रीपर्यंत चार नवी पानं उलगडली, नक्षी स्पष्ट, देठ ताठ. उपटलेल्या प्रत्येक पानाचं देठाचं टोक मी भिंगाखाली बघत होते, ठिपके कुठंच नव्हते. मर नाही, असं तेव्हा मनाशी म्हटलं.

पाडव्याचं पिवळेपण

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मावशी कुंडी हातात घेऊनच आमच्या दारात आल्या. "बाई, परत तेच!" डोळ्यांत पाणी होतं. दोन महिने त्यांनी रोज वजन केलेलं झाड होतं ते.

बाहेरची पाच पानं पिवळी होती. कुंडी टेबलावर ठेवली आणि जानेवारीत केलं तेच सगळं पुन्हा केलं, त्याच क्रमानं. गड्डा घट्ट. भरण कोरडं होत आलेलं, वास स्वच्छ. पिवळेपण पानभर एकसारखं, डाग नाहीत, एक अंग धरलेलं नाही. पिवळं पान मलूल नव्हतं, देठ नुसता हळूहळू लोळत चालला होता. उपटलेल्या देठाचं टोक स्वच्छ. आणि एक गोष्ट जानेवारीत नव्हती: माथ्यावर एकही नवा कोंब नव्हता. बाहेर दुपार पस्तीस अंशांना टेकली होती.

झाड आजारी नव्हतं. झोपायला निघालं होतं.

सायक्लेमेनची जी जात कुंडीत विकतात ती मूळची भूमध्य समुद्राच्या पूर्व काठची, म्हणजे तुर्कस्तानचा दक्षिण भाग, सीरिया, लेबनॉन, सायप्रस. तिथं पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत. म्हणून हे झाड शरदात जागं होतं, हिवाळाभर वाढतं-फुलतं, आणि ऊन तापलं की पानं टाकून गड्ड्यात शिरतं. उन्हाळ्यात मातीत फक्त गड्डा. आपल्याकडचं हवामान त्याच्या बरोबर उलटं. आपला पाऊस जून ते सप्टेंबर, नेमका त्याच्या झोपेच्या वेळी. म्हणून इथं त्याला सगळ्यात मोठा धोका उन्हाळ्यापेक्षा पावसाळ्याचा.

हे सगळं मी मावशींना सांगून पाहिलं, पण पाणी बंद करा म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. "वाळत चाललेल्या झाडाचं पाणी तोडायचं?"

मी त्यांना विचारलं, "माहेरी आत्ता काय चाललंय?"

"हळद शिजवायची चाललीय की."

"काढणीच्या आधी हळदीचं पाणी तोडलं होतं का नाही?"

"तोडलं होतं."

"पाला पिवळा पडला तेव्हा तुमच्या भावानं औषध मारलं?"

त्या थांबल्या. मग त्यांनी स्वतःच सगळं लावून घेतलं. हळदीचं पान भाद्रपदात कडेनं पिवळं पडायला लागलं आणि बुंधा ओढल्यावर हातात आला, तर ती कंदकूज, शेतात पाणी साचलंय, चर काढा. तेच पान पौष-माघात पिवळं पडून वाळलं, तर हळद तयार झाली. भाद्रपदातल्या पिवळ्याला धावायचं आणि माघातल्याला हात लावायचा नाही, हे त्या लहानपणापासून जाणत होत्या. मला जे समजावायला अर्धा तास लागला असता ते त्यांच्या घरच्या पिकानं कधीच शिकवून ठेवलं होतं. जानेवारीत मी ही तुलना का केली नाही, याची मला अजून हळहळ वाटते. त्या पहिल्याच दिवशी पाणी ओतताना थबकल्या असत्या.

पाणी एकदम बंद केलं नाही. पानं हिरवी असेपर्यंत त्यांच्यातलं अन्न गड्ड्यात उतरत असतं. पाण्याची पाळी आधी दुप्पट लांबवली, मग तिप्पट. पिवळी पानं या वेळी ओढून काढली नाहीत, वाळून स्वतःहून सुटू दिली. अक्षय्य तृतीयेपर्यंत कुंडीत फक्त गड्डा राहिला, लहान बिटाएवढा, तपकिरी, वर खोबणीदार. कुणी पाहिलं असतं तर मेलेलं झाड म्हणून फेकलं असतं. या झाडाच्या वाट्याला बहुतेक घरी हेच येतं असं मला वाटतं, जिवंत गड्डा मार्च-एप्रिलमध्ये उकिरड्यावर जातो.

जून ते सप्टेंबर

उन्हाळा त्यानं जिन्याखालच्या सावलीच्या जागेत काढला. मे महिन्यात गड्डा अगदी सुरकुतू नये म्हणून दोनदा कुंडीच्या कडेनं दोन-दोन चमचे पाणी दिलं, माथ्यावर नाही. मावशी तो काढून कांदे-बटाट्यांच्या टोपलीत ठेवायला बघत होत्या. ते होऊ दिलं नाही. गड्ड्यात सॅपोनिन नावाचं विषारी द्रव्य असतं, खाल्लं तर माणसालाही बाधतं, कुत्र्या-मांजरांना तर चांगलंच. सुरणासारखं दिसणारं काहीही स्वयंपाकघराजवळ नको.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस सुरू झाला आणि खरी परीक्षा आली. साताऱ्याचा पाऊस महाबळेश्वरच्या मानानं काहीच नाही, पण घरातली हवा ओलीचिंब होते, कपडे वाळत नाहीत, पापडांना वास लागतो. त्या हवेत गड्ड्याला पाण्याचा एक थेंबही लागत नाही. कुंडी जिन्याखालून काढून माळ्यावर, वाऱ्याच्या जागी आडवी ठेवली. दर पंधरा दिवसांनी, एकादशीला, मावशी गड्डा दाबून बघत. आठवणीसाठी तो दिवस त्यांनीच निवडला.

नागपंचमीनंतर माथ्यावरच्या वाळक्या देठांच्या खुंटांवर पांढरी बुरशी दिसली. गड्डा घट्टच होता. कोरड्या ब्रशनं खुंट झाडून काढले, तीन दिवस पंख्याखाली ठेवलं. औषध लावलं नाही. बुरशी मेलेल्या देठांवर होती, तिला खायला दुसरं काही मिळालं नाही, पुन्हा आली नाही.

जागं कधी करायचं, हे गड्ड्यावर सोडलं होतं. काही लोक तारीख धरून पाणी सुरू करतात. ऑक्टोबरच्या उकाड्यात तसं केलं तर गड्डे कुजू शकतात, कारण झोपेतलं मूळ पाणी घेत नाही. घटस्थापनेला मावशी सकाळीच आल्या. माथ्यावर टाचणीच्या डोक्याएवढे तीन गुलाबी ठिपके होते. त्याच दिवशी भरण बदललं. जुनी मुळं वाळून गेली होती, गड्ड्याखाली नव्या पांढऱ्या मुळांची टोकं आली होती. पहिलं पाणी अगदी बेताचं, मग वजनकाटा पुन्हा ओट्यावर. पंधरा दिवसांनी एकोणीस-एकोणीस-एकोणीस, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच प्रमाणात असलेल्या खताचं फार पातळ पाणी, लिटरला अर्धा ग्रॅम, आणि नंतर महिन्यातून दोनदा तेवढंच. उकाडा संपेपर्यंत पानं हळू येत होती. दिवाळीत रात्री गार झाल्या आणि झाड सुटलं.

मार्गशीर्षात अकरा पानं होती, मधल्या खोबणीत पानांखाली वाकून बसलेल्या सात कळ्या. पांढऱ्याची जागा रिकामीच आहे. मावशींना त्या जागी दुसरं आणायचं नाही. घंगाळ आता दारात आहे, त्यात तुळशीच्या मंजिऱ्या वाळत असतात.

परवा सकाळी त्यांचा फोन आला. "बाई, एक पान पिवळं झालंय. सगळ्यात जुनं, खालचं. माती कोरडी हाय, गड्डा घट्ट हाय, देठाचं टोक बी बघितलं, सफेद हाय. कोंब हायेत."

"मग?"

"मग काय न्हाय. तुमाला सांगितलं."